खुर्च्या मिटायच्या आधी

निशी-कसाईच्या मराठी मंडळात पंढरीनाथची ओळख काय, तर "तो स्पीकरवाला." गडी टोकियोतल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकतो. हुद्दा बरा, घर बरं, बायको सुनीता मिरजेची, पोरगी ओवी इथल्याच शाळेत. पण गणपती असो की कोजागिरी, हॉलच्या कोपऱ्यात वायरींच्या गुंतवळ्यात गुडघे टेकून बसलेला माणूस म्हणजे पंढरीनाथच. माईक किंचाळला की सगळ्या हॉलच्या माना त्याच्याकडं वळतात. माईक नीट चालला तर एकही वळत नाही.

गाव कवठेमहांकाळच्या पलीकडलं. चुलत्याची बेंजो पार्टी होती. बेंजो पार्टी म्हणजे काय हे सांगली-कोल्हापूरकडं रांगत्या पोराला कळतं, पुण्याकडच्यांना सांगावं लागतं. ट्रॉलीत जनरेटर, वर कर्णे, मागं ताशा-ढोल आणि मधोमध मांडीवर ती बटणांची लाकडी पेटी. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. वरातीत नवरदेवाकडं फक्त त्याची आई बघते, बाकी सगळं गाव बेंजोवाल्याकडं. पंढरीनाथ मिसरूड फुटायच्या आधीपासून वाजवायचा. तो इंजिनिअर झाला तेव्हा चुलत्यानं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "चांगला वाजवणारा गेला बघा वाया."

टोकियोत आल्यावर कधीतरी जुन्या सामानाच्या दुकानात, तुटक्या पंख्यांच्या आणि बाहुल्यांच्या मधी, पंढरीनाथला तीच पेटी दिसली. बटणं तीच, तारा त्याच. दुकानदार म्हणाला, हे तायशोगोतो. नागोयाकडं शंभरेक वर्षांमागं निघालं, हल्ली म्हाताऱ्या बायका सभागृहाच्या वरच्या खोलीत जमून वाजवतात. म्हणजे ज्याच्या तालावर उभा जिल्हा घाम गाळून नाचला, ते निघालं जपानी आज्ज्यांचं. पंढरीनाथनं तिथूनच चुलत्याला फोन लावला. चुलत्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जपानात वराती जोरात निघत असतील की रं?"

पेटी घेतली, पण वाजवायची कुठं? टोकियोतल्या भिंती म्हणजे नुसतं नावाला आडोसा. शेजारची बाई भांडत नाही. ती फक्त जिन्यात भेटल्यावर नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करते. ती कमरेत वाकली की समजायचं, आवाज पलीकडं गेला. दोनदा ती अशी वाकल्यावर सुनीता म्हणाली, "अवो, नदीवर जावा. तिथं काय ते कुटा."

म्हणून तो रविवारी आराकावा नदीच्या पुलाखाली गेला. पुलाखाली अगोदरच एक बिऱ्हाड होतं. इंडोनेशियातली तीन पोरं, एक गिटार, एक मार खाल्लेला ड्रम, आणि बॅटरीवरचा स्पीकर. गाणारा लालू, लोंबोक बेटावरचा. डब्यांच्या कारखान्यात भातावर लोणच्याचं बोर ठेवायचं काम करायचा, दिवसभर एकच बोर, नुसता भात बदलायचा. ड्रमवाला आगुस वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचा. गिटारवाला विस्नू जावा बेटावरचा, वेल्डर. नाव विस्नू आणि पाच वेळचा नमाजी. हे मंडळाला पुढं कधीच पचलं नाही.

लालूनं पेटी बघितली आणि गाणं अर्धवट टाकून आला. "ही आमच्या बेटावर हाय. माझा आजा लग्नात वाजवायचा."

"लग्नातच?" पंढरीनाथनं विचारलं.

"मग काय मयताला वाजवत्यात?"

ह्या चौघांची आपसातली भाषा म्हणजे मोडकी जपानी. जपानीतला आदरार्थी कारभार कुणालाच झेपत नव्हता, त्यामुळं सगळे एकमेकांशी थेट कवठ्याच्या पारावर बसल्यासारखे बोलायचे. म्हणून इथंही ते तसंच बोलणार.

बँडचं नाव सांबाल. सांबाल म्हणजे त्यांचा मिरचीचा ठेचा. हे कळल्यावर पंढरीनाथनं पुढच्या रविवारी सुनीताच्या हातचा ठेचा नेला. आगुसनं बोट भरून चाटला, डोळ्यांतनं पाणी काढलं आणि म्हणाला, "घ्या ह्येला बँडमधी."

असा तो बँडमध्ये गेला. गिटार, ड्रम आणि वरातीचा बेंजो असला पॉप-रॉक बँड टोकियोत दुसरा नसावा. लालूनं स्वतः रचलेलं एक गाणं होतं, 'सेपेदा' नावाचं. सेपेदा म्हणजे सायकल. पावसात कारखान्याकडं सायकल हाणणाऱ्या पोराचं गाणं. घंटी बिघडलेली, म्हणून पोरगं तोंडानंच किणकिण करतंय, आणि वाटेत एक पोरगी त्या किणकिणीला हसते. एवढंच. मधल्या रिकाम्या जागेत पंढरीनाथनं चुलत्याची एक वरातीची सुरावट घुसडली, जिच्यावर गावाकडं घोडंसुद्धा पाय उचलायचं. गाणं उभं राहिलं. पुलावरनं सायकली जायच्या त्या थांबायला लागल्या.

कारकीर्द म्हणाल तर अशी. एका इंडोनेशियन खानावळीचा वाढदिवस, तिथं लोक जेवत होते. एका बंदरावरच्या खलाशांची पार्टी, तिथं लोक पीत होते. आणि मग मराठी मंडळाचा गणपती.

त्या वर्षी योकोहामाहून येणाऱ्या गायकाचा घसा बसला. कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष प्रसन्नसर, मूळ पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर, दोन शब्द बोलतो म्हणून उठायचे आणि लोकांची पोरं तेवढ्यात झोपून उठायची. त्यांच्या पत्नी सुप्रभाताई सुगम संगीत गायच्या. चिटणीस पुष्कर, त्याला सगळ्या गोष्टी दोन्ही बाजूंनी सारख्या लागायच्या. रांगोळी असो, समई असो की माणसं.

पंढरीनाथ म्हणाला, "आमचा बँड हाय. हिंदी गाणी झकास म्हणतो."

"बँड म्हणजे?" प्रसन्नसरांनी चष्मा काढला. "तुम्ही काय वाजवता?"

"बेंजो."

सुप्रभाताई हळूच म्हणाल्या, "ते... मिरवणुकीतलं?"

"व्हय, वरातीतलं."

"वाद्य वाईट नसतं हो," प्रसन्नसर मोठ्या मनानं म्हणाले, "पण प्रेक्षक कोण आहे ते बघावं लागतं. असं करू, आभारप्रदर्शनानंतर घेऊ तुम्हाला. वेळ उरल्यास."

आभारप्रदर्शनानंतर काय होतं ते जपानात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. वॉर्डाचा हॉल, त्याची वेळ ठरलेली, आणि त्या वेळेला हॉल रिकामा, झाडलेला, पुसलेला परत करायचा. खुर्च्या मिटून गाडीवर रचायच्या, कचरा जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, आणि पिशव्या आपापल्या घरी न्यायच्या. ह्याला काताझुके म्हणतात, आवराआवर. आपल्याकडं हॉलचा रखवालदार दिवे घालवतो तेव्हा कुठं लोक चपला हुडकतात. इथं रखवालदार दाराशी हात बांधून नुसता उभा राहतो, हसतो, आणि शंभर इंजिनिअर घाबरून खुर्च्या मिटायला लागतात.

सांबाल बँडला मिळाली ती ही वेळ. लालूनं हिंदी गाणी म्हटली. शब्द एकही कळत नव्हता, म्हणून उच्चार एकदम स्वच्छ. लोक म्हणाले वा, आणि खुर्ची मिटली. खट्ट. दुसरं गाणं, वा, खट्ट खट्ट. 'सेपेदा'च्या मधल्या बेंजोला पोचेपर्यंत समोर सगळी मोकळी फरशी, आणि तिच्यावर झाडू मारणारा एक डेटाबेसवाला.

पुढल्या गणपतीत तेच. त्याच्या पुढल्यातही तेच. दरवर्षी लोक म्हणायचे, "फार छान हां, पुढच्या वेळी जरा आधी ठेवायला पाहिजे तुम्हाला," आणि म्हणता म्हणता पंढरीनाथच्या पायाखालची सतरंजी गुंडाळायचे.

तिसऱ्या खेपेला सामान भरताना आगुस म्हणाला, "मला आता ड्रम कशाला पायजे? तुमची माणसं खुर्च्यांवर ताल धरत्यात. पण लयीत न्हाई मिटत, लेकाचे. एक आधी, एक मागं."

लालू मात्र हसला नाही. म्हणाला, "पंढरी, एकदा. एकदाच सेपेदा बसून ऐकू दे लोकांना. पयल्यापासनं शेवटापर्यंत. आवडलं न्हाई तर शिव्या द्यावं, पण बसून."

"बसवतो," पंढरीनाथ म्हणाला. "पुढच्या बारीला बसवतो. माझा शब्द."

शब्द देणं सोपं. पंढरीनाथच्या पोटात तो शब्द गुळाच्या खड्यासारखा नाही, बाभळीच्या काट्यासारखा राहिला.

त्या जानेवारीत बँडला उत्तरेकडच्या एका मासेमारी बंदरावर बोलावणं आलं. तिथल्या होड्यांवर निम्मी पोरं इंडोनेशियन. दुपारचा कार्यक्रम, सकाळी निघायचं. आणि त्याच दिवशी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. सुप्रभाताईंचा फोन आला, "पंढरीनाथ, तुम्ही नसलात तर माईक कोण बघणार?" पंढरीनाथला मान दिला की तो वितळतो, ही त्याची मोठी खोड. लालूला म्हणाला, तुमी जावा. लालू म्हणाला, "मंडळाचा जावईच तू, जा."

वाटेत एका पुलावर पाणी गोठून काच झाली होती. गाडी फिरली. समोरनं ट्रक आला, थांबायला बघत होता, थांबला नाही. लालू आणि आगुस पुढं बसलेले, जागीच गेले. विस्नू मागं स्पीकरांच्या मधी अडकून राहिला. पाय तीन ठिकाणी मोडला, पण जीव राहिला. चूक कुणाची नव्हती. असलीच तर थंडीची.

विस्नूचा फोन आला तेव्हा पंढरीनाथच्या हातात माईक होता. रुग्णालयातनं विस्नू मोडक्या जपानीत सांगत होता, आणि समोर साड्यांची गर्दी, तिळगुळाची ताटं. "पंढरीनाथ, फोन नंतर घ्या हो," सुप्रभाताई लांबून म्हणाल्या, "उखाणे सुरू करायचेत." पंढरीनाथनं ऐकून घेतलं. मग यंत्रावरचं माईकचं बटण वर सरकवलं, पहिल्या बाईचा उखाणा नीट ऐकू येतोय ना ते बघितलं, आणि पायात बूट घालून चालू लागला. नंतर सुनीतानं त्याला विचारलं, "अवो, तसं कळल्यावर बी बटण सरकवलासा?"

मशिदीत तो गेला तेव्हा डोकं उघडं होतं, कुणीतरी टोपी घातली. जनाज्याआधी दुपारची नमाज झाली, ती त्याला येत नव्हती, बाकीचे वाकले की हा वाकायचा. जपानात राहून वाकायची सवय झालेलीच होती. शवपेट्या विमानानं गेल्या, लालूची लोंबोकला, आगुसची जावाला. ऑफिसात साहेबाला सुट्टी मागितली, तर साहेब फार हळवा होऊन म्हणाला, "पांदारी-सान, मयताची सुट्टी नातेवाइकासाठी असते. हे आपले कोण?" पंढरीनाथ म्हणाला, "आम्ही एकत्र वाजवायचो." साहेब तीनदा वाकला, आणि सुट्टी वार्षिक रजेतनं कापली.

इकडं मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. ज्यांनी खुर्च्या मिटल्या होत्या त्यांनी सगळ्यात मोठे निरोप लिहिले. दोन मुसलमान पोरांसाठी 'ओम शांती' एवढ्यांदा आली की त्यांच्याही कानावर गेली असंल. प्रसन्नसरांनी लिहिलं: 'सांबाल हा आपल्या मंडळाचाच बँड. त्यांना पहिलं व्यासपीठ आपण दिलं, याचा विनम्र अभिमान आहे.' आणि खाली घोषणा. पाडव्याच्या आधीच्या रविवारी 'स्वरांजली'.

पंढरीनाथनं मनाशी धरलं, झालं तर आता. लालू नाही, पण सेपेदा आहे. विस्नू आहे, पेटी आहे, दिलेला शब्द आहे. स्वरांजली त्यांच्याच नावानं, म्हणजे आता तरी आभारप्रदर्शनाच्या आधी घेतील.

जपानी ऑफिसात एक रीत असते. बैठकीत काही मांडायच्या आधी एकेकाला गाठून, चहा पाजून, मुळाशी माती सैल करून ठेवायची. मग बैठकीत झाड अलगद उपटून येतं. पंढरीनाथनं तसं केलं. पुष्करला स्टेशनसमोर कॉफी पाजली. पुष्कर म्हणाला, "माझी काही हरकत नाही, सरांना विचारा." सुप्रभाताईंना भेटला. त्या म्हणाल्या, "अहो, मी स्वतः त्यांच्यासाठी एक नाट्यगीत म्हणणार आहे. सरांना विचारा ना." सरांना विचारलं.

प्रसन्नसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पंढरीनाथ, मला भावना समजते. बघू."

जपानी साहेब 'विचार करतो' म्हणाला की त्याचा अर्थ नाही. पुण्याचा साहेब 'बघू' म्हणाला की त्याचाही तोच. दोन्ही देश उगाच इंजिनिअरांचे करार करत नाहीत.

कार्यक्रमाचं पत्रक आलं. दीपप्रज्वलन. स्वागत. अध्यक्षांचं प्रास्ताविक. सुप्रभाताईंचं नाट्यगीत. रांगोळी स्पर्धेचं बक्षीस, कारण ते गणपतीपासनं राहिलं होतं. तीन मान्यवरांच्या आठवणी, त्यातल्या दोघांनी लालूला कधी पाहिलं नव्हतं आणि तिसऱ्यानं त्याला मणिपूरचा समजून ठेवलं होतं. अध्यक्षीय समारोप. आभारप्रदर्शन. आणि त्याच्या खाली: 'वेळ उरल्यास, सांबाल बँडच्या कलाकारांचे सादरीकरण.'

विस्नूला पत्रक वाचून दाखवलं. तो कुबडीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मेल्यावर बी आमी शेवटीच?"

रविवारी पंढरीनाथ दुपारीच हॉलवर गेला, वायरी अंथरल्या, आणि स्टेजकडं बघून जागच्या जागी थांबला. टेबलावर तीन फोटो. लालू. आगुस. आणि मधोमध विस्नू. तिघांनाही झेंडूचे हार, प्लॅस्टिकचे, इंडियन दुकानातले. प्रत्येकापुढं उदबत्ती.

"पुष्कर," पंढरीनाथ म्हणाला, "ह्यो जिता हाय."

"काय?"

"विस्नू. मधला. जिता हाय. संध्याकाळी येणाराय, कुबडी घिऊन."

पुष्करचा चेहरा पांढरा झाला. मग फोटोंकडं, मग समईकडं बघत तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मग... दोन राहिले तर बॅलन्स जातो हो. समई मध्ये कशी घेणार?"

तेवढ्यात कुबडीची टकटक आली. विस्नू लवकर आला होता. स्टेजपुढं उभा राहून त्यानं आपला हार घातलेला फोटो बराच वेळ बघितला. पुष्कर घामानं भिजला.

"फोटो चांगला आलाय," विस्नू म्हणाला. "ह्यो कुणी काढला? दाढी बरी दिसतीय. ऱ्हाऊ द्या."

"आरं, ऱ्हाऊ द्या काय?"

"मधली जागा हाय, पंढरी. आमाला ह्या हॉलात कवा मधली जागा मिळाली? ऱ्हाऊ द्या."

पुष्करनं सुटकेचा श्वास टाकला आणि समई दोन बोटं डावीकडं सरकवली.

हॉल भरला. आता माणूस मेला की गर्दी होते, हे सगळीकडं सारखंच. सुनीता आणि ओवी तिसऱ्या रांगेत. विस्नूला स्टेजच्या कडेला खुर्ची दिली, पाय लांब करून, मांडीवर गिटार. लोक येता-जाता त्याला हात जोडायचे, मग मधल्या फोटोकडं बघायचे, मग परत त्याच्याकडं. पण विचारलं कुणी नाही. परदेशात राहिलेल्या माणसाला न विचारायचं चांगलं जमतं.

प्रास्ताविक लांबलं. नाट्यगीतात सुप्रभाताईंनी तान घेतली ती फिरून घरी यायला वेळ लागला. रांगोळीच्या बक्षिसाला तीन वेळा फोटो. मान्यवरांच्या आठवणी. आणि मग अध्यक्षीय समारोपाला प्रसन्नसर उठले तेव्हा दाराशी रखवालदार हात बांधून उभा राहिला आणि हसला.

"दोनच शब्द," प्रसन्नसर म्हणाले.

ओवी आईच्या कानाला लागून जपानीत पुटपुटली, "मादा?" म्हणजे, अजून हायच का? सुनीतानं तिला चिमटा काढला, पण हलकाच.

पंढरीनाथ कोपऱ्यात यंत्रापाशी, पेटी मांडीवर. सर म्हणत होते, "कला ही सीमा मानत नाही. मी जेव्हा या मुलांना प्रथम पाहिलं, तेव्हाच मला जाणवलं..." पंढरीनाथला आठवलं, सरांनी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा विचारलं होतं, ही मुलं खुर्च्या उचलायला आली आहेत का. समोर मागच्या रांगेतला एक जण उठून खुर्चीला हात घालायच्या बेतात होता. समारोप संपला की आभार, आभार संपले की खट्ट खट्ट. मग हॉलभर मोकळी फरशी. लालूला दिलेला शब्द त्या फरशीवर झाडूनं गोळा करायचा आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचा.

पंढरीनाथनं यंत्राकडं बघितलं. बोलणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा स्पीकर असतो, त्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून. तो त्यानं होता तसा ठेवला, थोडा वरच केला. आणि लोकांकडं जाणारा सरांचा आवाज बोटानं हळूहळू खाली आणला. वरातीत कर्ण्याचा आवाज पोलिसपाटलाच्या घरापुढं असाच उतरवायचे, कुणाला कळू न देता. मग विस्नूकडं बघून मान हलवली.

विस्नूनं पहिली तार छेडली.

प्रसन्नसरांनी दचकून बघितलं. पण त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा आवाज खणखणीत येत होता, आणि मागनं गिटार. त्यांचा चेहरा उजळला. पार्श्वसंगीत! इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी हात पसरले, आवाज भिजवला, आणि दोन शब्दांचे दोनशे करायला घेतले.

हॉलला मात्र सर नुसते दिसत होते. ऐकू येत होती ती सायकल.

विस्नू आयुष्यात कधी गायला नव्हता. आवाज वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखा, जिथं पडेल तिथं भोक. लालू ऐकता तर पोट धरून हसला असता. पण शब्द सगळे होते. पावसातला कारखाना, बिघडलेली घंटी, तोंडानं केलेली किणकिण. मधली जागा आली आणि पंढरीनाथ पेटीवर वाकला. चुलत्याची सुरावट निघाली, घोडं पाय उचलतं ती. मंडळाच्या इतिहासात प्रथमच वरातीचा बेंजो शोकसभेत वाजत होता, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचा पाय, आजोबांना न विचारता, ताल धरत होता.

आणि लोक बसून होते. सगळेच्या सगळे. मागच्या रांगेतला उठू बघणारासुद्धा खाली बसला. कारण समोर अध्यक्ष हात पसरून, डोळे मिटून, ओठ हलवत उभे होते, आणि अध्यक्ष बोलत असताना खुर्ची मिटायची हिंमत ह्या मंडळात कुणाच्या बापात नाही. दाराशी रखवालदारानं घड्याळ बघितलं, पण वक्त्याच्या चष्म्याखालनं पाणी येताना बघून तोही वाकला आणि थांबला.

किणकिण दुसऱ्यांदा आली, पोरगी हसली, सायकल वळणावर दिसेनाशी झाली. गाणं संपलं, पहिल्यापासनं शेवटापर्यंत. मग टाळ्या. प्रसन्नसर नेमके तेव्हा 'माणुसकी' ह्या शब्दावर पोचले होते. त्यांना वाटलं, शब्द लागला. तिथंच थांबले, आणि कमरेत वाकून टाळ्या घेतल्या.

पंढरीनाथनं सगळी बटणं खाली ओढली. मग खट्ट. खट्ट खट्ट.

प्रसन्नसर स्टेजवरनं उतरून सरळ त्याच्याकडं आले, अजून भिजलेले. हात हातात घेतला. "पंढरीनाथ, काय कल्पना! माझ्या बोलण्याला किती उठाव आला. पुढच्या वेळी असंच ठेवा. फक्त संगीत किंचित हळू, हं?"

"व्हय सर," पंढरीनाथ म्हणाला. "पुढच्या वेळंला बघू."

सुनीता जवळ उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. ओवीनं बापाला मराठीत विचारलं, जी ती वर्षाकाठी दोनदाच वापरायची, "बाबा, ते सर काय म्हणत होते मघाशी? काहीच ऐकू आलं नाही."

"आमालाबी न्हाई," विस्नू मधीच म्हणाला. मराठी त्याला येत नव्हती, पण प्रश्न कळला होता.

आवराआवर झाली. उदबत्त्या विझवून जळणाऱ्यात गेल्या, बाटल्या बाटल्यांत. पुष्कर तीन हार हातात धरून उभा राहिला आणि अडला. "प्लॅस्टिकचे आहेत. हे कुठल्या पिशवीत?" लालूच्या आणि आगुसच्या हारांवर चर्चा झाली, दोन मतं पडली, एकानं फोनवर वॉर्डाचे नियम काढले. तिसऱ्या हारावर वेळ गेला नाही. विस्नूनं हात पुढं केला.

"आणा हिकडं. ह्यो माझा हाय." आणि गळ्यात घातला.

पंढरीनाथनं सुनीताला आणि ओवीला घरी धाडलं, आणि विस्नूला पोचवायला तोझाई लाइनच्या गाडीत बसवलं. पायामुळं कोपऱ्यातली जागा मिळाली. एक कुबडी, एक गिटार, गळ्यात मेलेल्या माणसाचा हार. समोरच्या बाकावरची सगळी माणसं आपापल्या फोनात नाहीतर झोपेत. कुणी बघितलं नाही, आणि बघितलं ते बघितलं नसल्यासारखं.

"बसली का न्हाई माणसं?" पंढरीनाथनं विचारलं.

"बसली की. पण तुझ्या अध्यक्षापायी बसली."

"ते बी खरंच."

"लालूला काय सांगायचं मग?"

"बसली म्हणून सांग. कशापायी ते सांगू नगं."

विस्नूनं हार सारखा केला, झेंडू पुढं येईल असा, आणि मान मागं टाकून डोळे मिटले. पुढच्या स्टेशनला एक म्हातारी बाई चढली, पंढरीनाथच्या मांडीवरची पेटी बघून थबकली आणि आनंदानं म्हणाली, "अरे, तायशोगोतो! कुठल्या मंडळात वाजवता तुम्ही?"